आखूड गुणसूत्रापासून गोळीपर्यंत

मे २००१ मध्ये अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मंजुरी मिळाली आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगाचं चित्रच पालटलं. मंजुरी झटपट मिळाली, पण तिच्यामागे चाळीस वर्षांचं काम होतं.

१९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. त्याचा तुटलेला तुकडा गेला कुठे, हे कळायला १९७३ उजाडलं. शिकागोच्या जॅनेट राउली घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जोड्या लावत बसायच्या. २२व्या गुणसूत्राचा तुकडा ९व्याला चिकटलाय, हे तिथेच त्यांच्या लक्षात आलं. तोवर असे बदल बहुतेकांना कर्करोगाचा परिणाम वाटत, कारण नव्हे. राउलींनी त्या समजाला धक्का दिला. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण तेच.

या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल ही जनुकं जोडली जातात आणि टायरोसिन कायनेज जातीचं एक बिघडलेलं एन्झाइम तयार होतं. निरोगी पेशीत एबीएल गरजेपुरतं काम करून थांबतं. हे बिघडलेलं एन्झाइम थांबतच नाही. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून इतर प्रथिनांना लावत सुटतं आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

मग एन्झाइममध्ये एटीपी बसते ती खाचच अडवली तर? अडचण अशी की माणसाच्या शरीरात पाचशेच्या वर कायनेज आहेत आणि त्यांच्या खाचा बऱ्याच सारख्या. एकाला रोखताना बाकीचीही बंद पडतील, ही भीती रास्तच होती. तरी स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीत निकोलस लिडन, युर्ग झिमरमन आणि सहकाऱ्यांनी नेमका रेणू घडवला, तोच इमॅटिनिब. ओरेगनचे डॉ. ब्रायन ड्रकर यांनी तो सीएमएलच्या पेशींवर तपासला. १९९६ मध्ये निष्कर्ष छापून आले. एवढ्या थोड्या रुग्णांसाठी औषध परवडेल का, अशी शंका कंपनीत होती. ड्रकर यांनी पाठपुरावा सोडला नाही, हे आपलं भाग्य.

जून १९९८ मध्ये रुग्णांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा सुरू झाला. इंटरफेरॉन हे तोवरचं औषध निष्फळ ठरलेल्या आणि रोज किमान ३०० मिलिग्रॅम डोस घेणाऱ्या ५४ पैकी ५३ रुग्णांच्या रक्तपेशींचं प्रमाण पूर्ववत झालं. पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस किती सोसतो एवढंच पाहायचं असतं. तिथे असा निकाल जवळपास अनपेक्षितच.

पण एबीएलमधलं ३१५व्या जागचं अमिनो आम्ल बदललं, की इमॅटिनिब खाचेत बसत नाही. नंतरची डॅसॅटिनिब आणि निलोटिनिबही तिथे हरली. २०१२ मध्ये आलेलं पोनाटिनिब मात्र चाललं. २०२१ मध्ये मंजूर झालेलं अ‍ॅसिमिनिब तर एटीपीच्या खाचेकडे जातच नाही, ते एन्झाइमला दुसऱ्याच जागी धरतं.