पाचव्या ऑलिंपिकमधलं सुवर्ण: आल्योना साव्चेन्कोच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

बर्फावरच्या पेअर स्केटिंगमध्ये स्त्री आणि पुरुष मिळून एकच गुणसंख्या कमावतात. एकटीचं कसब कितीही मोठं असलं, तरी तोलामोलाचा जोडीदार नसेल तर ते वाया जातं. आल्योना साव्चेन्कोचा देश, शहर, प्रशिक्षक हे सगळं बदललं ते यापायीच.

१९८४ साली युक्रेनमध्ये जन्मलेल्या साव्चेन्कोने स्तानिस्लाव मोरोझोव्हबरोबर २००० मध्ये ज्युनियर विश्वविजेतेपद मिळवलं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये ही जोडी पंधरावी आली आणि पुढे फुटली. नव्या जोडीदाराच्या शोधात ती २००३ मध्ये जर्मनीतल्या केमनित्सला गेली. तिथे इंगो श्टॉयर या प्रशिक्षकाच्या हाताखाली रॉबिन शोल्कोवीबरोबर तिची जोडी जमली आणि दोघांनी मिळून पाच विश्वविजेतेपदं जिंकली. ऑलिंपिक सुवर्ण मात्र हुलकावणी देत राहिलं. २०१० मध्ये व्हँकुव्हरला कांस्य, २०१४ मध्ये सोचीलाही कांस्यच. सोचीत त्यांनी कार्यक्रमाच्या अगदी शेवटी थ्रो ट्रिपल अ‍ॅक्सल ठेवला होता. यात पुरुष जोडीदार तिला फेकतो आणि हवेत साडेतीन गिरक्या घेऊन तिने एका पायावर उतरायचं असतं. पाय थकून गेलेले असताना ही उडी घेणं म्हणजे जिवावरचा खेळ. ती पडली. महिन्याभराने या जोडीने पाचवं विश्वविजेतेपद मिळवलं आणि शोल्कोवी निवृत्त झाला.

तिशीत बहुतेक जणी थांबतात. हिने फ्रान्सचा ब्रुनो मासो निवडला, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जर्मनीकडून खेळण्यासाठी फ्रेंच स्केटिंग महासंघाने त्याला मोकळं करेपर्यंत स्पर्धा बंद. त्यातच ऑलिंपिकमध्ये दोघांकडे एकाच देशाचं नागरिकत्व लागतं आणि मासो जर्मन भाषेच्या परीक्षेत अडकला होता. त्याचं नागरिकत्व २०१७ च्या नोव्हेंबरात झालं, ऑलिंपिकला जेमतेम तीन महिने उरले असताना.

२०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये शॉर्ट प्रोग्रामला, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीत, मासोची तीन गिरक्यांची साल्को उडी दोनच गिरक्यांची झाली आणि जोडी चौथ्या क्रमांकावर, आघाडीपासून जवळपास सहा गुणांनी मागे राहिली. दुसऱ्या दिवशीच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे मोठ्या फेरीत, त्यांनी १५९.३१ गुणांचा त्या वेळचा विश्वविक्रम केला. माझ्या मते त्या कामगिरीत उड्यांपेक्षाही मोलाची होती ती दोघांची लय: प्रत्येक लिफ्टमधून, म्हणजे मासोने उचलून धरल्यावर, ती बर्फावर परतताच पुढची हालचाल सुरू झालेली असे. मग मागून येणाऱ्या जोड्यांचे निकाल लागेपर्यंत वाट पाहणं आलं. चीनच्या स्वी वेनजिंग आणि हान त्सोंग यांच्याहून ते फक्त ०.४३ गुणांनी पुढे राहिले. १९५२ मधल्या रिया आणि पॉल फाल्क यांच्यानंतर पेअर स्केटिंगचं सुवर्ण प्रथमच जर्मनीकडे आलं.

मार्चमध्ये मिलानला साव्चेन्कोने सहावं विश्वविजेतेपद घेतलं, तेही एकूण गुणांच्या नव्या विक्रमासह. त्यानंतर मासोबरोबर ती पुन्हा स्पर्धेत उतरली नाही.