निळ्या नळीत निऑन शोधू नका

‘निऑनचं शिल्प (विजेवर उजळणाऱ्या, वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांचं) म्हणजे प्रत्येक नळीत निऑन वायू’ हा समज जुना आहे, आणि चुकीचा. शुद्ध निऑन फक्त तांबडा-केशरी उजळतो. इटलीत तुरिनच्या मोले अँतोनेलियाना या इमारतीच्या घुमटावर कलाकार मारिओ मेर्त्झ यांनी मांडलेले १, १, २, ३, ५, ८ असे अनंताकडे चढत जाणारे लाल आकडे आहेत ना, तो खरा निऑनचा रंग. निळ्यासाठी साधारणपणे आर्गॉन आणि पाऱ्याची वाफ लागते; दिवा बंद असताना नीट पाहिलंत तर काचेला चिकटलेला पाऱ्याचा बारीक थेंबही कधीकधी दिसतो. हिरवा, गुलाबी, पांढरा हे बहुधा नळीच्या आतल्या भुकटीच्या लेपाचे. आणि हल्लीच्या कॅफेंमधलं ‘निऑन’? बहुतेकदा सिलिकॉनच्या पट्टीतले एलईडी. वायूबियू काही नाही!