बीटा एचसीजीतला ‘बीटा’ आला कुठून?

गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्त तपासायला सांगितलं, की चिठ्ठीवर बहुधा ‘बीटा एचसीजी’ लिहिलेलं असतं. एचसीजी हे गरोदरपणात तयार होणारं संप्रेरक (हार्मोन). तपासणीच्या नावातला ‘बीटा’ मिळवायला 44 वर्षं लागली.

1928 साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात झेलमार अशहाइम आणि बर्नहार्ट झोंडेक यांनी पहिली भरवशाची तपासणी दिली. बाईची लघवी उंदराच्या पाच मादी पिल्लांना दोन दिवसांत सहा वेळा टोचायची, सुमारे 100 तासांनी पिल्लं मारून अंडाशय पाहायचे. त्यावर रक्ताळलेले ठिपके दिसले की बाई गरोदर. पुढे ससे आले, बेडूक आले. 1960 मध्ये स्वीडनमध्ये प्राण्यांची जागा अँटिबॉडीने (ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाने) घेतली, पण नवीच अडचण उभी राहिली. एचसीजीच्या दोन साखळ्यांपैकी अल्फा साखळी एलएच, एफएसएच आणि टीएसएच या शरीरातल्या इतर संप्रेरकांमध्येही तीच असते. त्यामुळे अँटिबॉडी एलएचलाही एचसीजी समजे. पातळी कमी असताना आकडा विश्वासाचा राहत नसे, आणि एक्टोपिकची (गर्भाशयाबाहेर गर्भ रुजल्याची) शंका असते तेव्हा नेमकी तीच पातळी पाहायची असते.

1972 मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत ज्युडिथ वैतुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी फक्त बीटा साखळीवर बेतलेली तपासणी तयार केली. त्यांना खरं तर एचसीजी स्रवणाऱ्या गाठींवर लक्ष ठेवायचं होतं.

नेमका आकडा हाती आल्यावर त्याची वाढ मोजता आली. 1981 मध्ये 48 तासांत किमान 66 टक्के वाढ हा निकष मांडला गेला. तो फार कडक होता, त्यात चांगले गर्भही बाद ठरले असते. 2004 मध्ये तो 53 टक्क्यांवर आला. आता पहिला आकडा (mIU/mL मध्ये) 1500च्या आत असेल तर 49, 1500 ते 3000 असेल तर 40 आणि त्यावर 33 टक्के धरतात. म्हणून ‘दुप्पट झालं नाही’ एवढ्यावरून गर्भ गेला असं कुणी ठरवू नये. उलट, वाढ छान दिसली तरी एक्टोपिक असू शकते, सोनोग्राफी लागतेच.

दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये द्यावेत, कारण प्रत्येक कंपनीच्या किटचे आकडे थोडे वेगळे येतात. द्राक्षगर्भात (नीट गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारखी गाठ वाढते तेव्हा) एचसीजी इतकं वाढतं की तपासणीतल्या अँटिबॉडी भरून जातात आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना पातळ करून पुन्हा लावला की खरा कळतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबला सांगावं, काही किटमध्ये त्यानेही आकडा घसरतो. आणि रक्तात एचसीजी दिसतंय पण लघवीत नाही, असं झालं तर रक्तातल्या इतर अँटिबॉडींनी तपासणीला फसवलं असण्याची शक्यता आधी तपासावी. त्या आकाराने मोठ्या असल्याने लघवीत उतरत नाहीत.