थंडीत कुंडीतली झाडं कशी सांभाळायची
(आमच्या रोपवाटिकेतून झाडं नेणाऱ्यांसाठी)

दिवाळी सरली की दुकानात एकच प्रश्न येतो: जास्वंदीची पानं पिवळी पडून गळतायत, काय घालू? बहुतेक वेळा उत्तर असतं, काहीच घालू नका, पाणी कमी करा.

थंडीत पानांतून पाणी कमी उडतं आणि मुळंही कमी ओढतात. उन्हाळ्यात दिवसात सुकणारी कुंडी आता चार-चार दिवस ओली राहते. त्यात आपण रोज सवयीने तांब्या ओतला की मुळं कुजतात, आणि दोष जातो थंडीला. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. आत ओल लागली तर पाणी देऊ नका. द्यायचं तेव्हा सकाळी ऊन आल्यावर द्या, संध्याकाळी नको. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. अडेनियम आणि चाफा पानं गाळून झोपी जातात, त्यांना तर अगदीच थोडं पाणी पुरतं. चाफ्याच्या उघड्या फांद्या बघून घाबरू नका, तो मेलेला नाही.

सातारा शहरात एवढं सांभाळलं तरी बहुतेक भागतं. महाबळेश्वर-पाचगणीकडे राहणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या भागात काही वर्षी पहाटे गवतावर आणि गाड्यांच्या टपावर दव गोठतं, आणि त्याच वेळी बाजारपेठेत पारा शून्याच्या बराच वर असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते, आणि गार हवा जड असल्यामुळे उतारावरून खाली येऊन खोलगट जागी साचते. म्हणून बंगल्याच्या खालच्या टप्प्यावरच्या कुंड्या आधी गारठतात. त्या वर आणा, दिवसभर ऊन खाणाऱ्या दगडी भिंतीला टेकून, पागोळीच्या आत ठेवा. जमिनीतल्या झाडाला खालच्या मातीची ऊब असते, पण कुंडी चारही बाजूंनी गार पडते. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि बाहेरून गोणपाट गुंडाळलं तर बराच फरक पडतो.

सगळ्यात नाजूक एक्झोरा आणि क्रोटन. पारा दहाच्या खाली रेंगाळायला लागला की एक्झोराच्या पानांवर तांबूस-तपकिरी झाक येते आणि क्रोटन पानं टाकतो. हे दोन्ही आधी पडवीत घ्या, मग जास्वंद. बोगनवेल काटक आहे, तिला कोरडी माती आणि भरपूर ऊन एवढंच हवं.

कडाक्याच्या रात्री झाकायचं तर जुनी साडी किंवा चादर घ्या. प्लास्टिक पानांना टेकलं की तिथंच पान करपतं. कापड झाडावर नुसतं टोपीसारखं ठेवू नका, जमिनीपर्यंत सोडा. जमिनीतून निघणारी ऊब आत अडकली तरच झाकण्याचा उपयोग. सकाळी ऊन वर आलं की काढून टाका.

नोव्हेंबरपासून युरियासारखं नत्राचं खत आणि छाटणी दोन्ही बंद. दोन्हींनी कोवळी फूट येते, आणि थंडी पहिली तीच खाते. पानं काळवंडली तरी लगेच कात्री लावू नका, वरचा करपलेला पाला आतल्या डोळ्यांना, म्हणजे नवी फूट जिथून येते त्या कोंबांना, आडोसा देतो. फेब्रुवारीच्या शेवटी फांदीला नखाने ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असलं तर हिरवं लागेपर्यंत खाली कापत या. माती बदलायची तीही तेव्हाच.

घरात घेतलेल्या झाडांना खिडकीजवळ ठेवा आणि पानांच्या बेचक्या अधूनमधून बघा. कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. तरी हटला नाही तर फांदी पिशवीत बांधून दुकानात आणा, बघून सांगतो. अख्खी कुंडी आणू नका, इथल्या रोपांना लागण होते.