हीटर कोअर चोक झालाय की फ्लॅप अडकलाय?

जुन्या मोटारहोमचा डॅशबोर्ड हीटर थंड हवा फेकायला लागला की सल्ला ठरलेला असतो: कोअर (इंजिनाचं गरम कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ज्यातून फिरतो तो डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर) फ्लश करा, म्हणजे पाणी सोडून आतून धुवा. त्याने भागलं नाही तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारा वॉल्व्ह) बदला, तेही जमलं नाही तर कोअरच नवा टाका. कोअर बदलण्यासाठी बऱ्याच गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एवढी उस्तवार करून हवा थंडच राहते, कारण दोष कोअरमध्ये नव्हताच. हीटरच्या डब्यातला हवेची वाट बदलणारा फ्लॅप अडकला होता आणि हवा गरम कोअरला बगल देऊन जात होती.

मोटारहोमच्या राहण्याच्या भागातल्या गॅसवरच्या फर्नेसचा इथे संबंध नाही. डॅशबोर्डचा हीटर इंजिनाच्या कूलंटवर चालतो, एवढं मोटारहोमवाल्याला माहीत असतंच. ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) फक्त सर्वांत वरच्या स्पीडला चालत असेल तर त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर जळालाय. तो बदला, विषय संपला. इथे प्रश्न आहे तो ब्लोअर जोरात चालतोय आणि तरी हवा गार आहे, याचा.

तेव्हा शक्यता दोनच उरतात. एक, उष्णता कोअरपर्यंत पोचतच नाही: कूलंट कमी, लाइनमध्ये अडकलेली हवा, बंद राहिलेला हीटर वॉल्व्ह (कोअरकडे जाणारं कूलंट सुरू-बंद करणारा), आतून चोक झालेला कोअर. याला पाण्याच्या बाजूचा दोष म्हणू. दुसरी, कोअर तापलेला आहे पण हवा त्यातून जात नाही: तापमानाचा फ्लॅप अडकलेला, केबल निसटलेली, कोअरच्या पंखांवर (धातूच्या पातळ पट्ट्यांवर) धूळ किंवा उंदराचं घरटं. हा हवेच्या बाजूचा दोष. सीटवर बसून दोन्ही सारखेच वाटतात. फरक कळतो तो कोअरला जोडलेल्या दोन होजवर (रबरी नळ्यांवर), आणि तोही नीट वाचला तरच.

इंजिन चांगलं तापू द्या. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतात, म्हणजे डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत थांबायचं. तापमानाचा नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण जोरात. पाच मिनिटांनी कोअरचे दोन्ही होज तपासा. पंखा आणि बेल्टपासून हात दूर ठेवा, आणि ८५ अंशांचा होज मुठीत धरून ठेवायचा नसतो, नुसता स्पर्श पुरे.

एक होज कडक गरम, दुसरा कोमट किंवा गार: पाण्याची बाजू. इथेच लोक उलटं वाचतात. त्यांना वाटतं, परतीचं कूलंट गार आलं म्हणजे कोअरने उष्णता छान घेतली, कोअर ठणठणीत आहे. प्रत्यक्षात प्रवाह इतका कमी आहे, की कूलंट कोअरमध्ये रेंगाळतं आणि होती तेवढी उष्णता तिथेच सोडून बाहेर पडतं. ती थोडकी उष्णता ब्लोअरच्या हवेला पुरत नाही. चांगल्या प्रवाहात परतीचा होज आत जाणाऱ्या होजपेक्षा साधारण दहा-पंधरा अंशांनीच गार असतो.

दोन्ही होज जवळजवळ सारखेच कडक गरम आणि तरी हवा थंड: हवेची बाजू. कूलंट उष्णता घेऊन आलं आणि तशीच परत घेऊन गेलं, कारण ती उचलायला हवाच कोअरमधून गेली नाही. अशा गाडीचा कोअर फ्लश करणं म्हणजे वेळ आणि कूलंट दोन्ही वाया. दोन्ही होज कोमट किंवा गार असतील तर मात्र कोअर, फ्लॅप सगळं विसरा. आधी कूलंटची पातळी बघा. ती बरोबर असून रस्त्यावर काटा वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. थर्मोस्टॅट बदलण्याचं खरं कारण ते; काटा न बघता तो बदलणं मला मुळीच पटत नाही.

या तपासणीला एक सापळा आहे आणि जाणकारही त्यात अडकतात. काही हीटर वॉल्व्हना चार तोंडं असतात, दोन इंजिनाकडे आणि दोन कोअरकडे. असा वॉल्व्ह बंद असताना कूलंट थांबत नाही, वॉल्व्हमधूनच वळून इंजिनाकडे परत जातं. मग इंजिनाच्या बाजूचे दोन्ही होज कडक गरम लागतात आणि कोअर मात्र थंड असतो. माणूस ‘हवेची बाजू’ असा निकाल देऊन डॅशबोर्ड खोलतो. म्हणून स्पर्श नेहमी वॉल्व्हच्या पुढे, कोअरच्या नळ्यांशी करायचा. इन्फ्रारेड गनने मोजत असाल तर काळ्या रबरावर मोजा. चकचकीत धातूवरचं रीडिंग चुकतं. इंजिन मागे असलेल्या गाडीत होज गाडीच्या लांबीएवढे असतात, वाटेत उष्णता जाते. तिथे मागे हात लावून काहीच ठरत नाही, पुढे कोअरपाशीच तपासायचं.

तरीही शंका उरली तर आणखी दोन खुणा आहेत. इंजिन आयडलवरून १५०० ते २००० आरपीएमला नेल्यावर हवा गरम होत असेल, तर कूलंटचा प्रवाह अपुरा आहे. ब्लोअर सर्वांत हळू केल्यावर हवा बऱ्यापैकी गरम लागत असेल आणि जोरात केल्यावर गार पडत असेल, तरी तेच. फ्लॅप अडकलेला असेल तर या दोन्हींनी फारसा फरक पडत नाही.

पाण्याची बाजू ठरली तरी लगेच फ्लश नको. आधी वॉल्व्ह: नॉब फिरवताना त्याचा दांडा पूर्ण हलतो का ते डोळ्यांनी बघा. मग लाइनमधली हवा काढा. इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा, गाडीचं नाक उताराच्या वरच्या बाजूला असू द्या, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. पलंगाखाली दुसरा हीटर असेल किंवा इंजिनाच्या कूलंटवर तापणारा पाण्याचा गीझर असेल तर त्या फेऱ्यातही हवा अडकते. एवढं करूनही परतीचा होज गारच राहिला तर फ्लश. दोन्ही होज काढा आणि परतीच्या नळीतून उलट दिशेने, बेताच्या दाबाने पाणी सोडा. या प्रणालीत एरवी साधारण एक बारचा दाब असतो. कॉम्प्रेसरची हवा थेट दिली तर जुना कोअर फुटतो. पाणी स्वच्छ आणि मोकळं येईपर्यंत दिशा बदलत राहा. निघालेलं कूलंट भांड्यात धरा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

आणि गळती थांबवणारी पावडर कूलंटमध्ये टाकू नका. रेडिएटरचं बारीक भोक ती बुजवेल, पण कोअरच्या अरुंद नळ्यांतही तीच जाऊन बसते. चोक झालेल्या अनेक कोअरचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

हवेच्या बाजूला आधी केबल. नॉब सैल फिरत असेल तर क्लिप निसटलीय. फ्लॅपचा दांडा हाताने टोकापासून टोकापर्यंत फिरवा. त्याने हवा गरम झाली तर डबा ठीक आहे, दोष केबलचा किंवा ती हलवणाऱ्या यंत्रणेचा. व्हॅक्यूमवर चालणारे फ्लॅप असतील तर हातपंपाने प्रत्येक अॅक्च्युएटरला (फ्लॅप हलवणाऱ्या भागाला) पाऱ्याच्या १५ इंचांएवढा व्हॅक्यूम द्या. मिनिटभर तो टिकला नाही तर आतला रबरी पडदा फाटलाय. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की हवा आपोआप काचेकडे वळते, ही तक्रार पेट्रोल गाड्यांत नेहमीची. तिथे चेक वॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) किंवा व्हॅक्यूमची टाकी गळतेय. कोअरशी तिचा काही संबंध नाही.

फ्लॅप नीट हलतोय, होज गरम आहेत, पण झोत अशक्त आहे, असं असेल तर ब्लोअर काढून आत टॉर्च मारा. बराच काळ उभ्या राहिलेल्या मोटारहोममध्ये तिथे पालापाचोळा आणि उंदराची घरटी सापडतात. मास्क आणि हातमोजे घाला, घरटं जंतुनाशकाने ओलं करा आणि मगच उचला. सुकं असताना ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने उडवायचं नाही.