हैदराबाद, नळदुर्ग आणि देशाचा नैतिक दर्जा

१७ सप्टेंबर जवळ आला की दरवर्षी तोच वाद, १९४८ मध्ये भारतानं निजामाच्या हैदराबाद संस्थानात फौज घातली ती पोलीस ॲक्शन होती का आक्रमण, आणि सोलापूरकर त्यात पडणारच की, कारण १३ सप्टेंबर १९४८ ला मुख्य फौज निघाली ती इथूनच. नळदुर्ग इथून तासाभरावर, पण तेव्हा निजामाचा मुलूख, पहिल्याच दिवशी पडला. ह्या वादाच्या पोटातला प्रश्न मात्र फार जुना आहे: देशाला, म्हणजे राज्यसंस्थेला, तिच्या माणसांपलीकडे स्वतःचा असा काही नैतिक दर्जा असतो का, ज्याच्यामुळे बाहेरच्यानं आत पाय टाकायचाच नाही?

ह्याच्या उत्तराची सुरुवात लोक युरोपातल्या १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहापासून करतात, पण त्यात सार्वभौमत्वाचा असा स्वच्छ सिद्धांत काही लिहिलेला नाही, तो अर्थ बराचसा नंतरच्यांनी काढला. खरी मांडणी पुस्तकांतून झाली. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जनं १६५१ मध्ये राज्याला कृत्रिम माणूस म्हटलं, जर्मन कायदेपंडित पुफेंडॉर्फनं १६७२ मध्ये नैतिक व्यक्ती, म्हणजे स्वतःचे हक्क आणि कर्तव्यं असलेली, आणि १७५८ मध्ये स्विस कायदेपंडित व्हॅटेलनं त्यावर कळस चढवला: बुटका माणूस हा जसा धिप्पाडाइतकाच माणूस, तसं चिमुकलं राज्यही बलाढ्य राज्याइतकंच सार्वभौम. ऐकायला झकास आहे, फक्त आतली रयत कशी जगते हे ह्यात कुठेच विचारलेलं नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट १७९५ मध्ये म्हणाला की राज्य म्हणजे माणसांचा समाज, कुणाची इस्टेट नाही, ते वारशात, विकत किंवा भेट म्हणून मिळवता येणार नाही. हे उगाच नव्हतं हो, आपली मुंबईच १६६१ मध्ये लग्नाच्या करारात इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीकडे. पण दुसऱ्याच्या राज्यात जबरदस्तीनं ढवळाढवळ करू नये हेही कांटनंच लिहिलं.

इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलचं ह्यावरचं १८५९ चं लिखाण वाचताना मला राग येतो, खोटं कशाला बोलू. कुठलीही जनता स्वतः झगडूनच स्वतंत्र होते, बाहेरच्यानं दिलेलं स्वातंत्र्य टिकत नाही हा मुद्दा पटतो, पण हा नियम फक्त 'सुधारलेल्या' देशांना, बाकीच्यांना नाही, आणि लिहिणारा आदल्या वर्षापर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत.

मिलचा तोच मुद्दा अमेरिकन विचारवंत वॉल्झरनं १९७७ मध्ये नव्यानं मांडला. त्याच्या मते देशाचा दर्जा तिथल्या लोकांच्या सामायिक जगण्यातून येतो, सरकार वाईट असलं तरी ते उलथवायचं काम त्या लोकांचं, बाहेरच्यानं घुसायचं ते कत्तल, गुलामगिरी असं काही घडलं तरच, आणि १९७१ चा बांगलादेश त्याला त्यात बसणारा वाटला. १९७९ मध्ये बाइट्झ आणि १९८० मध्ये लुबान ह्या अमेरिकन अभ्यासकांनी त्यालाच धरलं, की बाबा हक्क माणसांचे असतात, सरकार ते तुडवत असेल तर सार्वभौमत्व कसलं वाचवताय. वॉल्झरनं त्याच वर्षी उत्तर दिलं, पण मला लुबानचंच जास्त पटतं.

आता निजामाकडे या. २१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार नेली, ती जवळजवळ व्हॅटेलच्याच भाषेत, आम्ही स्वतंत्र राज्य. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी सरहद्दीवरच्या गावांचं काय केलं ते सोलापुरात आश्रयाला आलेल्यांनी सांगितलंच होतं, म्हणून मला फौज जाणं योग्यच वाटतं. पण नंतर धाराशिव, गुलबर्गा, बीदर, नांदेड भागात मुसलमानांची जी हत्याकांडं झाली, ती भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं नोंदवली आणि तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. आत जायचा हक्क मान्य केला की गेल्यावर काय घडलं ह्याचा जाबही द्यावा लागतो, आणि इथे बाहेरच्यानं घुसण्याबद्दलची वॉल्झरची भीती हसण्यावारी नेता येत नाही. सुरक्षा परिषदेनं तरी काय केलं, निजामानं २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेतल्याची तार केली, मे १९४९ मध्ये शेवटची चर्चा झाली, आणि हैदराबाद राज्य होतं की नव्हतं ह्यावर निकाल काही दिलाच नाही.