ब्रेक सुटत नाही तेव्हा

मोटारीचा ब्रेक लागला नाही तर काय होईल, हे कोणाला सांगावे लागत नाही. ब्रेक पूर्ण सुटला नाही, तर ते मात्र बहुतेक चालकांच्या उशिरा लक्षात येते, कारण गाडी चालत राहते, वेळेवर थांबतेही, आणि बिघाड चाकाआड वाढत जातो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्याची बरीचशी दुखणी या सुटण्याशी निगडित असतात. म्हणून कॅलिपर दाबतो कसा, यापेक्षा तो सोडतो कसा, हे आधी समजून घेतलेले बरे.

दाबण्याची क्रिया पास्कलच्या नियमावर चालते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, त्यामुळे पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन 20 मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा 54 मिलिमीटर व्यासाचा असेल, तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात बल सुमारे 7.3 पट होते. द्रवाचा दाब 50 बार असताना असा पिस्टन ब्रेक पॅडला साधारण 11,400 न्यूटन बलाने रेटतो, म्हणजे त्यावर अकराशे किलोंहून अधिक वजन ठेवल्यासारखेच होते.

एवढ्या बलाने पुढे गेलेला पिस्टन मागे कशामुळे येतो? ड्रम ब्रेकमध्ये त्यासाठी ठसठशीत स्प्रिंग असतात, पण कॅलिपरच्या पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग बहुधा नसतेच. ते काम करते पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील. ती कॅलिपरच्या भोकातील खाचेत घट्ट बसवलेली असते. पिस्टन पुढे सरकताना तिची आतली कड त्याच्याबरोबर ओढली जाते, रबर किंचित पिळवटते, आणि पेडल सोडताच ते मूळ आकारात येताना पिस्टनला आपल्याबरोबर मागे आणते. हे अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांहून मोठे नसते. पॅड झिजत गेले की पिस्टन सीलमधून थोडा पुढे घसरून नवी जागा धरतो आणि फट आपोआप जुळवली जाते. तेल अडवणे, पिस्टन मागे आणणे आणि झीज भरून काढणे, ही तिन्ही कामे रबराची एकच कडी करते, ही रचना मला संपूर्ण ब्रेकमधील सर्वांत देखणी वाटते. तिची मर्यादाही यातच आहे: रबराची ही ओढ इतकी हलकी असते की पिस्टनवर थोडासा गंज धरला, तरी ती अपुरी पडते.

बहुसंख्य मोटारींत पिस्टन डिस्कच्या आतल्या बाजूलाच असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन स्लाइड पिनांवरून उलट दिशेला सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. म्हणजे पिस्टन भोकात मोकळा हवा आणि कॅलिपर पिनांवर मोकळा हवा. पिस्टनवरचे रबरी डस्ट कव्हर फाटले की पाणी व धूळ आत शिरते आणि क्रोमचा मुलामा उडालेल्या पोलादावर खड्डे पडतात. पिनांवरचे ग्रीस वाळले की त्या जाम होतात. आतून गंज चढवण्याचे काम ब्रेक ऑइल करते. नेहमीचे ग्लायकॉल प्रकारचे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 4 दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 155 अंशांपर्यंत खाली आलेला चालतो.

हे अंश महत्त्वाचे आहेत, कारण ब्रेकचे काम गतीची उष्णता करणे हेच आहे. 1,200 किलो वजनाची मोटार ताशी 90 किलोमीटर वेगावरून थांबते, तेव्हा सुमारे 375 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. एक लिटर थंडगार पाणी उकळीपर्यंत नेण्यास एवढी ऊर्जा पुरते. थांबण्याच्या वेळी ती चारही चाकांत वाटली जाते आणि नंतर डिस्क निवते. जाम झालेल्या कॅलिपरची डिस्क मात्र वाटभर घासत राहते आणि तिला निवायला उसंतच मिळत नाही. ऑइल उकळून त्यात वाफ झाली, तर वाफ दाबली जाते आणि पेडल खोल जाते.

निदानाची सुरुवात चालवतानाच होऊ शकते. ब्रेक न दाबता गाडी एका बाजूला ओढत असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर धरून राहिल्याचा संशय घ्यावा. फक्त ब्रेक दाबल्यावर ओढत असेल, तर दोष अनेकदा विरुद्ध बाजूला सापडतो: तिथला कॅलिपर पुरेसा दाबत नसतो. काही किलोमीटर चालवून एकाच आसावरील दोन्ही डिस्कचे तापमान अवरक्त थर्मामीटरने मोजले, तर मोठी तफावत दोषी चाक दाखवून देते. हात लावून पाहण्याचा मोह टाळावा.

चाक काढल्यावर पॅड पाहावेत. आतला आणि बाहेरचा पॅड असमान झिजले असतील, तर कॅलिपर पिनांवर हाताने सरकतो का, हे आधी तपासावे. पॅड तिरका झिजला असेल, तर दोनपैकी एकच पिन अडकलेली असू शकते. यापुढची चाचणी मला विशेष आवडते. ब्रेक दाबून सोडल्यावर चाक जड फिरत असेल, तर कॅलिपरचा ब्लीडिंग निपल, म्हणजे ऑइल व हवा बाहेर सोडण्याचे छोटे तोंड, किंचित उघडावा. चाक तरीही जडच राहिले, तर अडचण यांत्रिक आहे, म्हणजे पिस्टन किंवा पिना. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला होता आणि कॅलिपर निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक. मग ब्रेक पुन्हा दाबून सोडावा आणि रबरी होज जिथे धातूच्या पाइपला जोडला जातो, तो जोड सैल करावा: तिथे चाक सुटले तर दोष मास्टर सिलिंडरकडे, नाहीतर होजमध्ये. जुन्या होजचा आतला थर सुटून झडपेसारखा वागतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, सीलच्या हलक्या ओढीने मागे येत नाही. एवढे न पाहता कॅलिपर बदलून टाकणे हा महागडा अंदाज ठरतो.

दुरुस्तीत गाडी केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवावी आणि उतरवलेला कॅलिपर होजला लोंबकळू न देता तारेने बांधावा. जाम पिना स्वच्छ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. साध्या खनिज ग्रीसने तिथले रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टन काढण्यासाठी दाबाची हवा वापरतात, तेव्हा समोर लाकडाचा ठोकळा हवा आणि बोटे दूर हवीत. सील जिथे टेकते तिथे खड्डे असतील, तर पिस्टन बदलावा. सील नेहमीच नवी घालावी आणि ती ताज्या ब्रेक ऑइलने ओली करून बसवावी. हँडब्रेकची यंत्रणा ज्या मागच्या कॅलिपरमध्येच असते, त्याचा पिस्टन बहुधा फिरवत आत घालावा लागतो. नुसता दाबला तर आतली यंत्रणा मोडते. इलेक्ट्रिक हँडब्रेक आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो.

डावा व उजवा कॅलिपर अनेकदा एकमेकांच्या जागी बसतात, आणि मग निपल खाली जातो. हवा वरच राहते, कितीही ब्लीडिंग केले तरी पेडल लिबलिबीत लागते, आणि दोष मात्र मास्टर सिलिंडरवर ढकलला जातो. निपल वरच्या टोकाला आहे ना, हे पाहून ब्लीडिंग करावे, गाडी हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबावे, आणि पहिल्या फेरीनंतर दोन्ही डिस्कचे तापमान पुन्हा मोजावे.